डाळ, ढाल, दार, धार

डाळ, ढाल, दार आणि धार या चार शब्दांत मराठी माणसाचा घोटाळा झाल्याचे कधी कोणी ऐकले आहे? पहिली शिजते, दुसरी अडवते, तिसरे उघडते, चौथी कापते. पण हेच चार शब्द एखाद्या जपानी माणसाला त्याच्या काताकाना लिपीत लिहायला सांगा. त्याच्याकडे ळ नाही. ल आणि र यांना मिळून एकच अक्षर. द, ध, ड, ढ या चौघांची बोळवणही एकाच अक्षरावर. शिवाय शब्दाच्या शेवटी ‘न्’ सोडून दुसरे नुसते व्यंजन ठेवायची त्या लिपीत सोय नाही, म्हणून तिथे एक उकार येऊन बसतो. चारही शब्द हुबेहूब सारखे लिहिले जातात, आणि वाचून दाखवले की आपल्या कानाला ऐकू येते ते ‘दारु’.

जपानला माल पाठवू पाहणाऱ्या मंडळींत हे उदाहरण निघाले की हशा पिकतो, आणि हशा ओसरला की ठरलेला आरोप येतो. जपानचे ट्रेडमार्क परीक्षक म्हणे नावे वाचत नाहीत, मोजतात. ध्वनी किती, त्यांतले सारखे किती, पहिला वेगळा की शेवटचा, की झाला निकाल. अर्थाशी त्यांना देणेघेणे नाही. वर पुन्हा न्यायालय त्यांचेच निर्णय फिरवते, म्हणजे मोजमापही धड नाही. आणि मुळात गिऱ्हाईक इतके खुळे असते का, की डाळ आणायला जाऊन ढाल घेऊन घरी येईल?

आरोपाचे हे तीन पदर आहेत, आणि मला तिन्ही विरलेले दिसतात. जपानी व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात दोष आहेत, चांगले जुने आणि ठळक आहेत. पण ते जिथे आहेत तिथे हा आरोप बोटच ठेवत नाही. कान ठणठणीत असताना कानाचे औषध द्यायचे आणि दुखऱ्या गुडघ्याकडे बघायचेही नाही, असा हा प्रकार आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जपानचा सध्याचा ट्रेडमार्क कायदा १९५९ सालचा. त्याच्या कलम ४, पोटकलम १, खंड ११ नुसार, ज्याने आधी अर्ज केला त्या दुसऱ्या कोणाच्या नोंदलेल्या चिन्हाशी तुमचे चिन्ह एकसारखे किंवा मिळतेजुळते असेल, आणि मालही तोच किंवा तशाच जातीचा असेल, तर नोंदणी मिळत नाही. ‘मिळतेजुळते’ म्हणजे नेमके काय, हे कायदा सांगत नाही. ते काम परीक्षकांच्या मार्गदर्शिकेने आणि न्यायालयांनी केले. त्यांनी तीन खुंट्या ठोकल्या: ‘गाइकान’ म्हणजे दिसणे, ‘शोको’ म्हणजे म्हटले जाणे, आणि ‘कान्नेन’ म्हणजे मनात उमटणारा अर्थ. अर्थ ही तिसरी खुंटी पहिल्यापासून भिंतीत आहे. परीक्षकांना अर्थाशी देणेघेणे नाही म्हणणाऱ्यांनी भिंतीकडे एकदा बघायला हरकत नव्हती.

पण या तिघींहून महत्त्वाची आहे ती बघण्याची रीत, आणि आरोप करणाऱ्यांची पहिली चूक तिथेच होते. ते दोन नावे टेबलावर शेजारीशेजारी ठेवतात, फरक दाखवतात आणि विचारतात, ‘यात सारखे काय आहे?’ जपानी पद्धतीत नावे अशी शेजारी ठेवून निकाल द्यायचा नसतो. तिथल्या रीतीचे नाव आहे ‘रिकाकुतेकि कान्सात्सु’, म्हणजे अंतर राखून पाहणे. एक नाव आज या दुकानात भेटले, दुसरे काही दिवसांनी त्या दुकानात, आणि मधल्या काळात पहिल्याची आठवण थोडी पुसट झाली. अशा वेळी साधारण लक्ष देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरे नाव पहिल्याच घराण्यातले वाटेल का, एवढाच प्रश्न असतो. परीक्षक दोन नावे तोलत बसत नाही. एका पारड्यात तो विरलेली आठवण टाकतो आणि दुसऱ्यात समोरचे नाव.

ही रीत परदेशी वाटत असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहा. ‘ते मागच्या वेळी दिलेलं उदबत्तीचं पाकीट द्या, निळं होतं, काहीतरी गंध का सुगंध नाव होतं.’ दुकानदार दोन पुडे काढून ठेवतो. गिऱ्हाईक क्षणभर घुटमळते आणि म्हणते, ‘हंऽ, हेच.’ तेच होते का, ते त्यालाही ठाऊक नसते. या माणसाला खुळा कोण म्हणेल? तो शहाणाच आहे, फक्त उदबत्तीचे नाव पाठ करण्यापेक्षा महत्त्वाची कामे त्याला आहेत. तोक्योच्या कासुमिगासेकी भागातल्या पेटंट कार्यालयात बसलेला परीक्षक ज्याच्या वतीने नावे ऐकतो, तो हाच घुटमळणारा माणूस.

आता ध्वनिमोजणीकडे येऊ. ध्वनी मोजले जातात, हे खरे आहे. मोजलेच पाहिजेत, कारण जपानी भाषा स्वतःच मोजून बोलली जाते. तिच्यात प्रत्येक ठोक्याला सारखी लांबी असते, आणि दीर्घ स्वर, जोडाक्षराआधीचा थबका व नुसता ‘न्’ हेसुद्धा एकेक पूर्ण ठोका घेतात. म्हणून परीक्षक किती ठोके सारखे, वेगळा ठोका आरंभी आहे की मधे बुडालेला, त्याचा स्वर तोच आहे का, क-ग किंवा प-ब असा जवळचाच फरक आहे का, हे पाहतात. नाव जितके आखूड तितका एका ध्वनीचा फरक मोठा. हे तर्कशास्त्र आपल्यालाही परके नाही. रमा आणि उमा यांत कोणी गोंधळत नाही, पण चंद्रशेखर आणि चंद्रशेखरन यांची पत्रे एकमेकांच्या घरी सर्रास जातात. आरंभीचा ध्वनी कानात रुततो, शेपटीचा निसटतो. यात यांत्रिक काय आहे? कान असाच चालतो.

मोजणीवर सगळे संपते, हा मात्र गैरसमज आहे, आणि तो निदान १९६८ पासून तरी शिळा आहे. त्या वर्षी २७ फेब्रुवारीला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या क्षेत्रात आजही पहिला धडा म्हणून वाचला जातो. काचतंतूंचे सूत बनवणाऱ्या नित्तो बोसेकी कंपनीने हिमनगाचे चित्र असलेले चिन्ह दाखल केले होते. चित्रासोबत ‘हिमनग छाप’ असे शब्द आणि कंपनीचे नाव. हिमनगाला जपानीत ‘ह्योऽझान’. आधीच नोंदलेले नाव होते ‘शोऽझान’. चार ठोके, त्यांतले तीन तेच, आणि उरलेल्या एकातला फरक फक्त ह्यो आणि शो एवढा. त्यातही जुन्या तोक्योची बोली ‘हि’ आणि ‘शि’ यांची सरमिसळ करण्याबद्दल प्रसिद्ध. नुसत्या मोजणीने हे चिन्ह बाद व्हायला हवे होते, आणि पेटंट कार्यालयाने ते बाद केलेही होते.

न्यायालयाने कार्यालयाचे म्हणणे फेटाळले. दिसणे, म्हटले जाणे आणि अर्थ यांतून गिऱ्हाइकाच्या मनावर उमटणारा ठसा, राहणारी आठवण आणि जुळणारे संबंध एकत्र पाहावेत, आणि त्या मालाचा व्यापार प्रत्यक्षात कसा चालतो तेही जमेस धरावे, असा दंडक त्याने घातला. काचतंतूंचे सूत कोणी फिरत्या विक्रेत्याची आरोळी ऐकून घेत नाही. घेणारे कारखानदार असतात आणि माल कोणाचा हे ते नुसत्या उच्चारावरून ठरवत नाहीत. शिवाय एकाचे चित्र पाहून हिमनग आठवतो, दुसऱ्याने तो आठवत नाही. म्हणून उच्चार जवळचा असूनही चिन्हे वेगळी. पुढे २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित मार्गदर्शिकेने याच निकालाची भाषा आरंभी घेतली. ज्या गोष्टीसाठी परीक्षकांना आज धारेवर धरले जाते, ती त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्धशतकापूर्वीच निकालात काढली आहे.

उलट्या दिशेचे उदाहरण तर आरोपाची हवाच काढून घेते. १९९२ साली केशवर्धकाच्या बाटलीवरून झालेला एक वाद सर्वोच्च न्यायालयाने ऐकला. एका बाजूचे नोंदलेले नाव ‘दाइशिनरिन’, म्हणजे महाअरण्य. दुसऱ्या बाजूच्या बाटलीवर तीन अक्षरे होती: झाडाचे, वनाचे आणि अरण्याचे. ही अक्षरे कागदावर काढून बघण्यासारखी आहेत. झाडाचे अक्षर म्हणजे एक झाड. वनाचे अक्षर म्हणजे तेच झाड दोनदा, शेजारी शेजारी. अरण्याचे अक्षर म्हणजे तीन झाडे, एक वर आणि दोन खाली. महाअरण्याच्या नावातही तीनच अक्षरे: पहिले ‘मोठे’, मग तीन झाडांचे, मग दोन झाडांचे. तोंडाने म्हटली तर या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही बाटल्यांवर झाडेच झाडे दिसतात, आणि टक्कल पडत चाललेल्या माणसाला दाट रानाची कल्पना का विकली जाते हे सांगायला नको. खालच्या न्यायालयाने ही नावे मिळतीजुळती नाहीत म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. व्यापाराची स्थिती पाहता रूप आणि अर्थ यांवरून ती मिळतीजुळती ठरू शकतात, असे म्हणून प्रकरण परत पाठवले. आता सांगा, हे ध्वनिमोजणीचे राज्य आहे का?

जपानी माणूस स्वतःही नुसत्या उच्चारावर विसंबत नाही. ‘कोऽशोऽ’ हा एकच उच्चार घ्या. त्याचा अर्थ वाटाघाट, उदात्त किंवा मौखिक परंपरा, आणि असे आणखी कितीतरी. म्हणून तिथे ओळख करून देताना माणसे नाव सांगतात आणि लगोलग एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताचे बोट फिरवून अक्षर काढून दाखवतात. तळहातावरचे ते न दिसणारे अक्षर म्हणजे गाइकान आणि कान्नेन यांची रोजची वकिलीच. ज्या समाजात नाव ऐकल्यावर ते ‘पाहिल्या’शिवाय समाधान होत नाही, तिथल्या परीक्षकाला रूपाचे वावडे कसे असेल? त्या देशाची ट्रेडमार्क नोंदणीसुद्धा चित्रानेच सुरू झाली. १८८४ मध्ये पहिले ट्रेडमार्क नियम झाले. नोंदणी कार्यालयाचे पहिले प्रमुख होते पुढे पंतप्रधान झालेले ताकाहाशी कोरेकियो. १८८५ मध्ये क्रमांक एकवर नोंदले गेलेले चिन्ह क्योतोच्या एका मलम-गोळ्यांचे होते, आणि त्यावर सुरीने हात कापून घेतलेल्या आचाऱ्याचे चित्र होते. वाचता न येणाऱ्यालाही कळेल की हे मलम कशाचे.

दुसरा पदर: परीक्षक एक म्हणतो, न्यायालय दुसरेच म्हणते, म्हणजे ही सोडत आहे. या मुद्द्याला हमखास जोडले जाणारे प्रकरण म्हणजे ‘फ्रँक मिउरा’. स्वित्झर्लंडच्या फ्रँक मुलर या महागड्या घड्याळांची थट्टा करणारी स्वस्त घड्याळे जपानमध्ये या नावाने निघाली. मुलरचा जपानी उच्चार ‘म्युराऽ’, आणि मिउरा हे तिथले नेहमीचे आडनाव. चिन्हात ‘फ्रँक’ काताकानात आणि ‘मिउरा’ चिनी अक्षरांत, तेही हाताने खरडल्यासारखे. त्यातल्या ‘उरा’ या अक्षराच्या उजव्या खांद्यावरचा ठिपका मुद्दाम गाळलेला. २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाच्या अपील विभागाने ही नोंदणी रद्द केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. सगळीकडे टाळ्या पडल्या: न्यायालयाला विनोद कळतो, कार्यालयाला नाही!

टाळ्या वाजवणारे एक तारीख विसरतात. ही नोंदणी मुळात झाली ती २०१२ च्या ऑगस्टमध्ये, आणि ती दिली कोणी? परीक्षकानेच. ज्याच्या पाठीवर हे प्रकरण काठीसारखे हाणले जाते, त्याने पहिल्याच फेरीत ते नाव पास केले होते. नंतरचा वाद मुलरच्या बाजूने नोंदणी रद्द करण्याची मागणी केल्यावर उभा राहिला, आणि त्यात नवे पुरावे, प्रसिद्धीचे दाखले, दोन्ही बाजूंचे वकील असे सगळे आले. न्यायालयाने उच्चार जवळचा आहे हे मान्यच केले. पण रूप साफ वेगळे, अर्थही वेगळा, कारण एक ऐकून जपानी आडनावाचा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि दुसरे ऐकून परदेशी घड्याळ. आणि घड्याळे कोणी नुसत्या उच्चारावरून ओळखून घेत नाही. हे सगळे १९६८ च्या चौकटीतलेच आहे.

निकालात किमतीचाही उल्लेख आहे. एक घड्याळ चार ते सहा हजार येनचे, तर दुसरी बहुतेक दहा लाख येनच्या वरची. लोकांना हाच मुद्दा सर्वांत आवडतो. मला तो सर्वांत कच्चा वाटतो. नोंदणी ‘घड्याळे’ या मालासाठी मिळते, ‘स्वस्त घड्याळां’साठी मिळत नाही. आज पाच हजारांना विकणारा उद्या पन्नास लाखांना विकू लागला तर प्रमाणपत्र त्याला अडवणार नाही. १९७४ मध्ये होदोगाया केमिकल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. व्यापाराची स्थिती पाहायची ती त्या प्रकारच्या मालाची सर्वसाधारण आणि कायमची. हा माल आज कोण कसा विकतो, ही तात्पुरती गोष्ट तिच्यात धरायची नाही. परीक्षक किंमत विचारत नाही तो या शिस्तीमुळे. त्याच्यापुढे अर्ज असतो, दुकान नसते. कित्येकदा माल अजून बाजारात आलेलाही नसतो. भांडण झाल्यावर दोन्ही दुकाने पाहून बोलणारे न्यायालय आणि भांडणाआधी कागद पाहून बोलणारा परीक्षक यांची उत्तरे कधी वेगळी आली, तर त्यात सोडत कुठे आली? प्रश्नच वेगळे होते.

परीक्षक नावांचे तुकडे करून साम्य उकरून काढतात, अशीही एक तक्रार या पदराला जोडलेली असते. इथेही दोर न्यायालयाने आवळला आहे. १९९३ मध्ये चष्म्यांच्या प्रकरणात प्रश्न आला की ‘सेइको आय’ या नावातला ‘आय’ वेगळा काढून दुसऱ्या चिन्हाशी ताडायचा का. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. चष्म्यावर ‘डोळा’ हा शब्द म्हणजे पिठाच्या पुड्यावर ‘पीठ’ लिहिण्यासारखे. लोक धरतात ते ‘सेइको’. २००८ मध्ये सेंदाईच्या पारंपरिक मातीच्या बाहुल्यांवरून वाद झाला. ‘त्सुत्सुमिनो ओहिनाक्कोया’ या लांबलचक नावातून ‘त्सुत्सुमि’ एवढेच तोडून जुन्या ‘त्सुत्सुमि’ चिन्हाशी जुळवायला न्यायालयाने नकार दिला. एखादा भाग गिऱ्हाइकाच्या मनावर खरोखर ठसठशीत उमटत असेल, किंवा उरलेल्या भागातून कोणाचा माल हे मुळीच कळत नसेल, तरच तो वेगळा काढायचा. एरवी नाव अख्खे ऐकायचे. चाकू परीक्षकाच्या हातात आहे, पण त्याला म्यान आहे.

तिसरा पदर, गिऱ्हाईक खुळे नसते हा. तो मांडणाऱ्यांनी तोक्योला जाण्याआधी आपल्या घरात डोकवावे. १९५९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लुकोव्हिटा’ आणि ‘ग्लुव्हिटा’ मिळतीजुळती ठरवली. एक ग्लुकोजची भुकटी, दुसरी बिस्किटे, मधला एक ‘को’ गळाला तेवढाच फरक. १९६२ मध्ये त्याच न्यायालयाने ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांबद्दल तेच म्हटले. अमृत आणि लक्ष्मण यांत संस्कृत जाणणाऱ्याला घोटाळा होणार नाही, हे न्यायाधीशांना कळत नव्हते का? कळत होते. पण औषध घेणारा समासविग्रह करत बसत नाही. साधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा माणूस अख्खे नाव ऐकतो आणि पुढे चालू लागतो, असे त्यांनी मानले. हा दिल्लीतला माणूस आणि तो तोक्योतला माणूस जुळे भाऊ आहेत. अमृतधारेत शहाणपण आणि दारूत मूर्खपणा बघायचा, हे काही न्यायाचे बघणे झाले नाही.

तर मग दोष कुठे आहे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी कानाचा काहीच अपराध नाही.

पहिला दोष मालाच्या कप्प्यांचा. कुठला माल कुठल्या मालासारखा, हे ठरवायला जपानी कार्यालय प्रत्येक वस्तूला अंक आणि अक्षरांचा पाच खुणांचा संकेतांक देते. संकेतांक तोच असेल तर माल तशाच जातीचा, असे गृहीत धरले जाते. मिठाई आणि पाव ‘३०ए०१’, चहा ‘२९ए०१’. हे ठीक आहे. पण कपड्यांचा ‘१७ए०१’ पाहा. कारखान्यातली कामाची वर्दी आणि मेजवानीचा झुळझुळीत गाऊन एकाच कप्प्यात. ज्या नावाच्या डांगऱ्या वेल्डर घालतो त्या नावाचा गाऊन नवरी शोधत येईल का? नाव ऐकताना परीक्षकाला ठसा, आठवण, व्यापार सगळे विचारात घ्यायला सांगितले आहे. माल बघताना मात्र त्याच्या हाती तक्ता. ही व्यवस्था तत्त्वतः गृहीतक आहे आणि व्यवहारात भिंत. मोजणीचा आरोप करायचाच असेल तर इथे करा, मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

दुसरा दोष संमतीचा. आधीचा मालक स्वतः म्हणतो आहे, ‘याच्या नावाने माझे काही बिघडत नाही, द्या नोंदणी.’ जगातल्या अनेक देशांत हे म्हणणे ऐकून घेतले जाते. जपानमध्ये वर्षानुवर्षे ते ऐकलेच गेले नाही. मग व्यापाऱ्यांनी चोरवाट काढली. नव्याने आपला अर्ज जुन्याच्या नावावर करायचा. आता दोन्ही चिन्हे एकाच मालकाची, म्हणून आडकाठी नाही. नोंदणी झाली की ती परत नव्याच्या नावावर. मालकी जाते, येते आणि मधे प्रत्येक पायरीला कागद, शुल्क आणि वकील. ज्या गोंधळाच्या भीतीने संमती नाकारली, तो या चोरवाटेने टळत होता का? मुळीच नाही. चिन्हे तीच, मालक तेच. कायद्याने एवढेच साधले की दोन पावलांच्या कामाला दहा पावले चालावी लागली.

२०२३ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२४ पासून संमतीची सोय आली. पण तीही सावधपणे. नुसती संमती पुरत नाही, दोन्ही चिन्हे एकत्र नांदली तरी गोंधळाची भीती नाही हे परीक्षकाला पटवावे लागते. ही अट मला योग्य वाटते. चिन्ह ही मालकाची मिळकत खरी, पण घुटमळणारे गिऱ्हाईक त्या करारावर सही करत नाही, आणि त्याच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे. माझी तक्रार उशिराबद्दल आहे. आपल्या लक्ष्मणधारेला १९६२ मध्येच वाट मिळाली होती. नावे मिळतीजुळती ठरूनही, कित्येक वर्षांचा वापर आणि समोरच्याचे इतके दिवसांचे मौन लक्षात घेऊन, तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी दिली गेली. साम्य मान्य करूनही सहजीवनाला जागा ठेवता येते, हे जपानी कायद्याला उमगायला साठ वर्षे लागली.

आता पुन्हा डाळीकडे. समजा, उद्या एखाद्या मराठी उद्योजकाने ‘धार’ या नावाने जपानमध्ये सुऱ्या विकायचे ठरवले आणि तिथे सुऱ्यांसाठी कोणाचे तरी ‘ढाल’ आधीच नोंदलेले निघाले. देवनागरीत त्याची बाजू भक्कम आहे. मराठी अर्थही त्याच्या बाजूचा. पण तोक्योच्या दुकानात सुरी घेणाऱ्या बाईला मराठी येत नाही. तिला दोन्हींचा अर्थ लागत नाही, म्हणजे अर्थाची खुंटी मोकळीच. दोन्ही नावे तिच्या लिपीत सारखीच लिहिली जातात, सारखीच म्हटली जातात. अशा वेळी परीक्षकाने नकार दिला तर तो मराठीचा अपमान झाला का? तो ज्या कानासाठी नेमला आहे, त्या कानाशी इमानी राहिला. उद्योजकाने आपले नाव आधी काताकानात लिहून, जपानी माणसाकडून मोठ्याने वाचून घेतले असते तर अर्जाचे शुल्क वाचले असते. चिन्हाला ठसठशीत रूप दिले असते तर वेगळेपणा सांगायला निदान डोळे तरी त्याच्या बाजूने उभे राहिले असते.

हे न्याय्य वाटत नसेल तर पाटी उलटी धरून पाहा. एखादी जपानी कंपनी लोणची घेऊन पुण्यात आली. तिच्या दोन प्रतिस्पर्धी बरण्यांवर देवनागरीत लिहिले आहे ‘ओबासान’ आणि ‘ओबाऽसान’. जपानी कानाला हा फरक लख्ख ऐकू येतो: पहिली मावशी किंवा काकू, दुसरी आजी. मावशीला आजी म्हटले तर ती रुसते. पण मंडईत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या काकूंना त्या अवग्रहाचे काय? त्या दोन्ही बरण्या हातात घेतील, एक ठेवतील आणि म्हणतील, ‘ते मागचं जपानी लोणचं, हेच ना?’ मुंबईच्या परीक्षकाने त्या क्षणी जपानी व्याकरण उघडून बसावे, असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. तो मंडईतल्या काकूंचेच ऐकेल, आणि त्याने तेच ऐकावे.